तूर द फ्रान्स : शर्यत व प्रेक्षक

व्यावसायिक सायकलपटूंची, २१ टप्प्यांची व सुमारे तीन आठवडे चालणारी फ्रान्समधील जगप्रसिद्ध शर्यत. ती सामान्यतः जुलै महिन्यात भरते. इटलीतील जीरो दीतालिया (१९०९) व स्पेनमधील व्हुएल्ता (१९३५) या शर्यती हिच्याच धर्तीवर पुढे सुरू झाल्या. सार्वजनिक रस्त्यांवरून जाणाऱ्या या शर्यतीला क्रीडागार नसते व रस्त्याकडेला उभे राहण्यास तिकीटही लागत नाही. मात्र कोणत्याही एका जागेवरून ती संपूर्ण पाहता येत नाही. सपाट प्रदेशात तासन् तास वाट पाहणाऱ्या प्रेक्षकासमोरून स्पर्धकांचा जथा काही क्षणांतच निघून जातो. उरलेली शर्यत त्याला दुसऱ्याच्या सांगण्यावरून जाणून घ्यावी लागते. किंबहुना या सांगण्यासाठीच ती जन्माला आली.

‘लोतो’ या पॅरिसच्या क्रीडाविषयक दैनिकाचा खप वाढावा, म्हणून झेओ लफेव्र या वार्ताहराने ही कल्पना सुचविली व आंरी देग्रांज या संपादकाने ती अंमलात आणली. १ जुलै १९०३ रोजी पॅरिसजवळून ६० स्पर्धक निघाले. सहा टप्प्यांचे २,४२८ किमी. अंतर २१ जणांनीच पुरे केले. मॉरिस गारँ हा विजयी झाला. वाचकांचा उत्साह इतका अनावर झाला, की १९०४ मध्ये सेंत-एत्येन शहराजवळ स्थानिक स्पर्धकाच्या समर्थकांनी रात्रीच्या अंधारात इतरांवर हल्ला केला. त्या वर्षीचे पहिले चारही क्रमांक नंतर नियमभंगाबद्दल रद्द करण्यात आले. एकूण वेळेत आघाडीवर असणाऱ्याला १९१९ पासून पिवळा सदरा देण्यात येऊ लागला. लोतोचा कागदही पिवळाच होता.

सर्व टप्प्यांच्या वेळांची बेरीज ज्याची सर्वांत कमी, तो विजेता. त्यामुळे एकही टप्पा न जिंकता शर्यत जिंकता येते आणि तीन आठवड्यांची मेहनत काही सेकंदांवर हुकते : १९८९ मध्ये ३,००० किमी.हून अधिक अंतरानंतर ग्रेग लमाँडने लोराँ फिन्याँवर अवघ्या ८ सेकंदांनी मात केली. पुढच्याच्या आडोशाने सायकल चालविल्यास हवेचा विरोध बराच कमी होतो. म्हणून जथ्यातून पुढे निसटलेले थोडे स्पर्धक सहसा अखेरीस गाठले जातात, आणि प्रत्येक संघातील बहुतेक सायकलपटू आपल्या नायकासाठी वारा अंगावर घेण्यात व पाणी पोहोचविण्यात खर्ची पडतात. हे गणित ठाऊक नसलेल्यास टप्प्याचे पहिले चार तास कंटाळवाणे वाटतात. ठाऊक असलेल्यास आघाडीचे अंतर मिनिटामिनिटाने कसे घटते, यातच खरी रंगत वाटते.

प्रेक्षकांची माया विजेत्यावरच जडते असे नाही. पाच वेळा शर्यत जिंकणाऱ्या झाक आंकतीलपेक्षा, एकदाही पिवळा सदरा न मिळालेला रेमाँ पूलिदोर फ्रेंच लोकांना अधिक प्रिय होता. १९६४ मध्ये प्वी द दोम या डोंगराच्या चढावर दोघे खांद्याला खांदा भिडवून चढले. पूलिदोर पुढे गेला. पण एकूण हिशेबात ५५ सेकंदांनी हरला.

डोंगरात वेग मंदावतो व स्पर्धकाचा चेहरा दिसतो, म्हणून जाणते प्रेक्षक घाट पसंत करतात. पिरेनीजमधील तूर्माले हा घाट १९१० मध्ये प्रथम शर्यतीत आला. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट प्रथम चढणारा ‘घाटाचा राजा’ ठरतो. येथे घाटांच्या गुणांत आघाडीवर असणाऱ्यास लाल ठिपक्यांचा सदरा मिळतो (१९७५ पासून). आल्प द्वेझच्या २१ वळणांवर लोक काही दिवस आधीच मुक्काम ठोकतात, रस्त्यावर आवडत्या स्पर्धकांची नावे रंगवितात. सातवे वळण तर डच प्रेक्षकांचेच मानले जाते. स्पर्धकांच्या आधी जाहिरातदारांच्या वाहनांचा ताफा (१९३० पासून) टोप्या व खाऊ उधळत जातो.

हे सान्निध्य धोक्याचेही आहे. १९७५ मध्ये प्वी द दोमवर एका प्रेक्षकाने एडी मर्क्सला ठोसा मारला. २०२१ मध्ये दूरचित्रवाणीच्या कॅमेऱ्यासाठी रस्त्यात धरलेल्या फलकास टोनी मार्टिन धडकला व त्याच्यामागे अनेकजण कोसळले.

याहून खोल इजा विश्वासाला झाली. १९६७ मध्ये टॉम सिम्पसन हा ब्रिटिश सायकलपटू माँ व्हाँतू या डोंगराच्या चढावर मरण पावला. त्याच्या शरीरात उत्तेजक द्रव्य आढळले. १९९८ मध्ये द्रव्यांचा साठा पकडला गेल्याने फेस्तिना संघाची हकालपट्टी झाली. लान्स आर्मस्ट्राँगचे १९९९ ते २००५ मधील सातही विजय २०१२ मध्ये रद्द झाले, आणि ते दुसऱ्या कोणास देण्यात आले नाहीत. त्या उन्हाळ्यांत घाटात उभे राहून ज्यांनी जयघोष केला, त्यांनी पाहिलेल्या शर्यतींना आज अधिकृत विजेताच नाही. तरीही गर्दी ओसरली नाही. २०२२ पासून भरणाऱ्या स्त्रियांच्या शर्यतीलाही ती लोटते. व्हाँतूच्या चढावर सिम्पसनचे दगडी स्मारक आहे. तेथून जाणारे हौशी सायकलस्वार त्याच्या पायरीवर पाण्याच्या बाटल्या व आपल्या टोप्या ठेवून जातात.