ओआरएममधील टेबलांची रचना : व्याख्या व व्यवस्थापन

प्रस्तावना :
१९७० साली एडगर कॉड यांनी रिलेशनल प्रतिमान मांडले आणि माहिती टेबलांच्या रूपात साठविण्यास सैद्धांतिक पाया लाभला. पुढे ऑब्जेक्ट-आधारित प्रोग्रामिंग रूढ झाल्यावर प्रोग्राममधील ऑब्जेक्ट आणि डेटाबेसमधील ओळी-रकाने यांची सांगड घालण्याची गरज निर्माण झाली. ती पूर्ण करणारे तंत्र म्हणजे ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग, अर्थात ओआरएम. जावामधील हायबरनेट, पायथनमधील जँगो व एसक्यूएलअल्केमी ही त्याची परिचित उदाहरणे होत.

रचनेची व्याख्या :
ओआरएममध्ये सामान्यतः एक क्लास म्हणजे एक टेबल आणि त्याचा एक गुणधर्म म्हणजे एक रकाना. 'विद्यार्थी' क्लासमध्ये नाव, जन्मतारीख, मोबाइल यांचे प्रकार व मर्यादा लिहिल्या, की टेबल निर्माण करणारी एसक्यूएल आज्ञा ओआरएम स्वतः तयार करते.

व्यवस्थापन :
मात्र क्लास बदलला म्हणून टेबल आपोआप बदलतेच असे नाही. एसक्यूएलअल्केमीची 'क्रिएट ऑल' ही आज्ञा अस्तित्वात नसलेलीच टेबले निर्माण करते. असलेल्या टेबलात नवा रकाना घालत नाही. त्यासाठी अलेम्बिक हे स्वतंत्र साधन वापरले जाते. जँगोमध्ये ही सोय २०१४ च्या १.७ या आवृत्तीपासून अंतर्भूत झाली. प्रत्येक बदल 'मायग्रेशन' फायलीत क्रमाने लिहिला जातो आणि लागू झालेल्या मायग्रेशनची नोंद डेटाबेसमध्येच राहते.

खरी कसोटी नामांतराची आहे. 'मोबाइल' रकान्याचे नाव 'संपर्क' केल्यास साधनाला एवढेच दिसते, की एक रकाना गेला व दुसरा आला. अलेम्बिकची स्वयंनिर्मित फाइल तसेच लिहिते. रकान्याचा प्रकार तोच असल्यास जँगो 'नाव बदलले आहे काय?' असे विचारतो. पण उत्तर न देता केवळ एंटर दाबल्यास 'नाही' गृहीत धरले जाते. अशी फाइल लागू होताच जुना रकाना त्यातील सर्व क्रमांकांसह नष्ट होतो. मायग्रेशन उलट फिरविल्यास रकाना परत येतो, माहिती येत नाही.

समारोप :
टेबल कसे असावे हे क्लास सांगतो. तेथवर माहिती सुरक्षित ठेवून कसे पोहोचावे हे मायग्रेशन सांगते. पहिल्या गोष्टीचा हेतू कोडमध्ये दिसतो, दुसरीचा हेतू माणसालाच सांगावा लागतो. म्हणून स्वयंनिर्मित फाइल वाचल्याविना लागू करू नये. रिकाम्या टेबलावरील प्रात्यक्षिकात ही हानी दिसत नाही. त्यामुळे अध्यापनात भरलेल्या टेबलावरच नामांतर करून दाखविणे इष्ट ठरते.