शरद ऋतु आणि धीराचा विश्वास

इंग्रजी वाचनमालेत ‘ऑटम’ हा शब्द आमच्या विद्यार्थ्यांस प्रथम भेटतो, तेव्हा पिवळी-तांबडी पाने, बोडकी होत चाललेली झाडे, धुके आणि वर्षाचा उतार असे चित्र त्यांच्या मनापुढे उभे राहते. शब्दकोशात पाहावे तर त्याचा अर्थ ‘शरद ऋतु’ असा दिलेला आढळतो, आणि येथेच मुलांची फसगत होते. आमच्याकडे पानगळ होते ती शिशिरात. आश्विन आणि कार्तिक हे शरदाचे दोन महिने म्हणजे निवळलेले आकाश, भरलेली तळी आणि पिकत आलेले भात. ज्या देशात पवित्र शास्त्र लिहिले गेले, तेथे तर या ऋतूचे रूप याहूनही निराळे आहे. ही तीन रूपे एकमेकांशेजारी ठेवून पाहिली, म्हणजे उपासनेत आपण वारंवार उच्चारतो त्या विश्वास, धीर व आशा या शब्दांचा अर्थ अधिक उलगडतो. तो आमच्या विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

प्रथम आपल्या उपनगरांतील शरद पाहू. हवामानखात्याच्या सध्याच्या सरासरीप्रमाणे मुंबईतून मोसमी पाऊस ८ ऑक्टोबरच्या सुमारास माघार घेतो. ढग गेले की ऊन एकाएकी प्रखर होते. जमीन अजून ओली असते, हवेत दमटपणा असतो आणि वाऱ्यास जोर नसतो. यासच आपण ‘ऑक्टोबर हीट’ म्हणतो. डबक्यांत साचलेल्या पाण्यावर डास वाढतात, आणि अंधेरीपासून बोरिवलीपर्यंत व घाटकोपरापासून मुलुंडापर्यंत घरोघर तापाचे रोगी दिसू लागतात. शरद ऋतु ही वैद्यांची माताच होय, असे जुने लोक म्हणत, ते उगाच नव्हे. त्यातच शाळांच्या सहामाही परीक्षा येऊन ठेपतात. कवींनी शरदाच्या चांदण्याची स्तुति गायिली असली, तरी घरात अंथरुणास खिळलेले मूल असेल, वडिलांचे काम सुटलेले असेल, अथवा अभ्यास करूनही गुणपत्रिकेवर तांबडी रेघ पडली असेल, तर त्या घरास चांदणे कोठून दिसणार? अशा वेळी मनात एक प्रश्न उभा राहतो. तो कोणी मोठ्याने विचारतो, कोणी आतल्या आत गिळतो. ‘आम्ही प्रार्थना केली, मग काहीच का घडत नाही?’

या प्रश्नास शास्त्राने जे उत्तर दिले आहे, ते शेतकऱ्याकडे बोट दाखवून दिलेले आहे. याकोबाने आपल्या पत्रात संकटात सापडलेल्या मंडळीस धीर धरण्यास सांगितले, आणि दाखला दिला तो जमिनीच्या मोलवान पिकाची वाट पाहणाऱ्या, पहिल्या व शेवटल्या पावसासाठी धीर धरून राहणाऱ्या शेतकऱ्याचा. आमच्या मुलांस हा दाखला नीट कळत नाही, कारण दोन पावसांची ही गोष्ट आपल्या अनुभवातील नव्हे. पालेस्टाईनात साधारण मे महिन्यापासून पुढे सुमारे पाच महिने पाऊस पडत नाही. ऊन जमीन इतकी कठीण करून सोडते की नांगर तीत शिरत नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पहिला पाऊस येतो, माती मऊ करतो आणि पेरणी सुरू होते. मार्च-एप्रिलात शेवटला पाऊस येतो व त्याने दाणा भरतो. म्हणजे जो ऋतु आमच्याकडे कापणीचा, तोच तेथे पेरणीचा. तेथील शेतकरी शरदात कोरड्या आकाशाकडे पाहत बी हाती घेऊन उभा असतो. याकोबाच्या डोळ्यांपुढे हा मनुष्य होता. त्याच्यापाशी दाखविण्यासारखे काहीच नव्हते; बी होते, आणि पाऊस देणाऱ्यावर भरवसा होता.

याच दिवसांत यहुदी लोकांचा मंडपांचा सण येतो. सात दिवस डहाळ्यांच्या मांडवात राहून, देवाने आपल्या पूर्वजांस रानात कसे सांभाळले याचे ते स्मरण करीत. फळांचा हंगाम संपलेला असे, हौदांतील पाणी तळास गेलेले असे आणि नवा पाऊस अजून यावयाचा असे. त्या सणात शिलोहाच्या तळ्यातील पाणी आणून वेदीवर ओतण्याचा विधि होता. प्रभु येशूने तहानेल्या जनांस आपणांकडे येऊन पिण्यास बोलाविले ते याच सणाच्या शेवटल्या दिवशी, असे योहान सांगतो. हौद भरले असता त्याने ही हाक दिली नाही. ते रिकामे होत आले असता दिली. ही गोष्ट आम्हांस फार सांत्वनाची वाटते.

आता पुन्हा आपल्या मातीकडे वळू. मार्काच्या शुभवर्तमानात प्रभूने एक लहानसा दाखला दिला आहे. मनुष्य बी टाकतो, रात्री निजतो, दिवसा उठतो. बी रुजते व वाढते, पण ते कसे हे त्याला कळत नाही. आधी अंकुर, मग कणीस, मग कणसात भरलेला दाणा. आमचे कोकणातील भात या दाखल्याचे जिवंत भाष्य आहे. जूनच्या पावसावर रोप तयार होते, जुलैत लावणी होते. पुढे कित्येक आठवडे वरून पाहणाऱ्यास हिरव्या पात्याखेरीज काही दिसत नाही. मग रोप पोटरीस येते, म्हणजे लोंबी खोडाच्या पोटात असते, पण बाहेर नसते. अनुभवी शेतकरी खोड बोटांनी दाबून तिचा फुगीरपणा ओळखतो. मग भात निसवते, फुलोरा येतो, दाण्यात दूध भरते. ते दूध घट्ट होता होता दाणा कठीण होतो आणि जड लोंबी खाली वाकते. पोचट लोंबी तेवढी ताठ राहते.

यात दोन गोष्टी ध्यानात घेण्याजोग्या आहेत. पहिली ही की, ज्या दिवसांत शेतात काही घडत नाही असे वाटते, त्याच दिवसांत मुख्य काम चाललेले असते. दुसरी ही की, शेतकरी वाट पाहतो म्हणजे स्वस्थ बसत नाही. तो बेणणी करतो, बांध पाहतो, पाखरे राखतो, आणि दाणा पक्व होत आला की शेतातील पाणी काढून देतो. फक्त एक गोष्ट तो करीत नाही. लोंबी लवकर बाहेर यावी म्हणून तो पोटरी चिरून पाहत नाही. आमचे पुष्कळसे दुःख मात्र अशा चिरून पाहण्यातूनच उत्पन्न होते. शेजारच्या मुलाची लोंबी आधी निसवली, म्हणून आपल्या मुलाची पोटरी फोडावयास आपण धावतो.

ही शिकवण आमच्या उपनगरांतील जुन्या ख्रिस्ती लोकांनी सणाच्या रूपाने जपून ठेविली आहे. आमचे रोमन कॅथॉलिक ईस्ट इंडियन बंधुभगिनी ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी आगेरा हा हंगामाचा सण पाळितात. नव्या भाताच्या लोंब्या मिरवीत देवळात आणितात व त्यांवर आशीर्वाद मागतात. मरोळच्या शेतांवर आज कारखाने व इमारती उभ्या आहेत. पुष्कळ गावठाणांभोवती वाफाभर भातही उरले नाही. तथापि सण राहिला आहे. शेत गेले असताही पहिली लोंबी देवाची, हे स्मरण राखणे म्हणजे धीराच्या विश्वासाचाच एक प्रकार होय. आमच्या प्रॉटेस्टंट मंडळ्याही हंगामाची उपकारस्तुती करितात. तिचे मर्म हेच आहे.

भात चार-पाच महिन्यांत पिकते. परंतु देव काही गोष्टींस याहून फार मोठा अवधि घेतो. याचा दाखला पाहण्यास दूर जावयास नको. बोरिवली आणि मुलुंड यांच्यामध्ये पसरलेल्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरांवर तो उभा आहे. तेथे कारवी नावाचे झुडूप दाट वाढते. याच्याच काठ्यांचे कूड करून, त्यांवर माती लिंपून, वारली व इतर आदिवासी बांधव घरांच्या भिंती करीत आले आहेत. पावसाळ्यात कारवी हिरवीगार होते. पाऊस सरला की पाने वाळतात आणि मेल्यासारख्या काठ्या उरतात. असे एक वर्ष नव्हे, सात वर्षे चालते. आठव्या वर्षी, पावसाळा उतरणीस लागून शरद जवळ येतो त्या सुमारास, सारा डोंगर एकदम जांभळ्या-निळ्या फुलांनी झाकून जातो. मधमाशांची झुंबड उडते. मग फळे धरतात, वाळतात, तडतड उकलून बी दूर फेकतात, आणि झुडूप मरून जाते. त्याच बियांतून पुढली पिढी उगवते. या उद्यानात कारवी २०१६ साली फुलली व पुन्हा २०२४ साली फुलली; यापुढील बहर २०३२ साली अपेक्षित आहे. ज्या मुलाने दुसरीत असताना २०२४चा बहर पाहिला, तो पुढला बहर पाहील तेव्हा दहावीत असेल.

मुलांनो, मधल्या एखाद्या वर्षी तुम्ही त्या डोंगरावर गेला आणि म्हणाला की, ‘या काठ्यांत काही अर्थ नाही’, तर तुमचे डोळे खोटे सांगत नसतील, पण तुमचा निकाल चुकीचा ठरेल. प्रत्येक पावसाळ्यात त्या काठीने थोडेथोडे बळ साठविलेले असते. तिसऱ्या वर्षाची कारवी आठव्या वर्षाच्या कारवीपेक्षा देवाच्या कमी आवडीची नव्हे; तिची वेळ अजून यावयाची आहे, एवढेच.

मनुष्यांच्या अंतःकरणातही असेच होते, याची साक्ष महाराष्ट्राच्या ख्रिस्ती इतिहासात आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांस आगगाडीत एका युरोपीय सहप्रवाशाने नवा करार दिला. तो त्यांनी वाचला, डोंगरावरील प्रवचनाने त्यांचे मन वेधून घेतले, आणि १८९५ साली मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांजवर तर आकाशच कोसळले. पतिपत्नींचा वियोग झाला. पुढे त्या पुन्हा एकत्र राहू लागल्या, तरी प्रथम आपले सोवळेओवळे पाळीतच राहिल्या. हळूहळू, रोजच्या घरकामात, पाहता पाहता व विचार करिता करिता त्यांचे मन पालटले, आणि १९०० साली त्यांनी स्वतःच्या प्रतीतीने बाप्तिस्मा घेतला. मधली पाच वर्षे म्हणजे पोटरीतील लोंबीच होती. ती वर्षे किती दुःखाची होती, हे लक्ष्मीबाईंनी ‘स्मृतिचित्रे’ या आपल्या आत्मचरित्रात कोठेही साखर न घालता सांगितले आहे. म्हणूनच ते पुस्तक आमच्या प्रत्येक घरात असावे असे आम्हांस वाटते.

याच कुटुंबाच्या कथेत आणखी एक धडा आहे. टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य हाती घेतले, पण ते पुरे होण्यापूर्वीच ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. पुढे ते लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. पेरणारा एक व कापणारा दुसरा, हे प्रभूचे म्हणणे येथे अक्षरशः खरे झाले. तेव्हा आम्ही कोणासही असे वचन देत नाही की, तुम्ही मागाल ते तुम्हांस या परीक्षेपूर्वी, या वर्षात, किंबहुना या जन्मात मिळेल. काही रोगी बरे होत नाहीत. काही कामे अपुरी राहतात. ख्रिस्ती आशा या गोष्टींवर पांघरूण घालीत नाही. देवाच्या हाती सोपविलेले बी फुकट जात नाही, मग ते पिकलेले आम्ही पाहू अथवा आमच्या मागून येणारे पाहतील, एवढेच ती म्हणते. आणि जो स्वतः गव्हाच्या दाण्याप्रमाणे भूमीत पडून मेला व पुन्हा उठला, त्याच्याकडे पाहून म्हणते.

मग या ऋतूत करावे काय? आमची सूचना साधी आहे. विद्यार्थ्यांनी घराजवळचे अथवा शाळेच्या आवारातील एक झाड निवडावे आणि आठवड्यातून एकदा पाच मिनिटे त्यापाशी उभे राहून, मागल्या खेपेपासून काय पालटले ते वहीत एका ओळीत लिहावे. प्राजक्ताखाली पहाटे सडा पडतो. सप्तपर्णीस याच दिवसांत उग्र वासाची फुले येतात. पाहणाऱ्यास उणे पडणार नाही. त्याच वहीत शास्त्रातील एकच लहानसा उतारा आठवडाभर रोज वाचून, शेवटल्या दिवशी त्यातून काय उमजले तेही एका ओळीत लिहावे. घाईने दहा अध्याय वाचण्यापेक्षा याचा लाभ अधिक होईल. आणि वर्गातील जो सोबती तापाने घरी आहे, त्यास झालेला अभ्यास नेऊन द्यावा. शेतकऱ्याची बेणणी ती हीच.

पालकांस आमची विनंती एवढीच की, सहामाहीची गुणपत्रिका हाती येईल तेव्हा ती पोटरीतील लोंबी समजून वाचावी. बेणणी अवश्य करावी; मूल कोठे अडते ते शिक्षकांस विचारावे, अभ्यासाची वेळ नेमून द्यावी, रात्री त्याच्या उशाशी बसून प्रार्थना करावी. परंतु दुसऱ्याच्या शेताकडे बोट दाखवून आपल्या रोपास लाजवू नये. देवाने तुमच्या मुलात कोणते बी टाकले आहे व त्यास किती पावसाळे लागतील, हे शाळेस ठाऊक नाही, तुम्हांसही ठाऊक नाही. त्यास ठाऊक आहे.

२०३२ साली कारवी फुलेल, तेव्हा आजचे आमचे कित्येक विद्यार्थी महाविद्यालयात अथवा कामधंद्यात असतील. त्यांनी एक दिवस वेळ काढून तो डोंगर पाहण्यास जावे, आणि सोबत एखाद्या लहान मुलास न्यावे, अशी आमची इच्छा आहे. तोवर दरवर्षी पाऊस येईल, काठ्या हिरव्या होतील व वाळतील. आमचा स्वर्गीय पिता आम्हां सर्वांस पाहण्याचे डोळे आणि थांबण्याचा धीर देवो.