परक्या दप्तरांतील पृथ्वी : आयरीन फिशर यांच्या कार्याचा मागोवा

1907 साली व्हिएन्नात जन्मलेल्या व तेथेच गणित-भूमितीचे अध्ययन केलेल्या आयरीन फिशर यांना, हिटलरने ऑस्ट्रिया गिळंकृत केल्यानंतर, ज्यू म्हणून 1939 साली कुटुंबासह देशत्याग करावा लागला. पॅलेस्टाइनमार्गे 1941 साली अमेरिकेस पोचलेल्या या विदुषीने आरंभी शिवणकामात मदतनीस म्हणून, मग प्राध्यापकांसाठी उत्तरपत्रिका तपासून आणि पुढे शाळांतून गणित शिकवून चरितार्थ चालविला. आणि 1952 साली, पंचेचाळिशीच्या सुमारास, त्या अमेरिकी लष्कराच्या नकाशाखात्यात रुजू झाल्या.

त्या काळी प्रत्येक राष्ट्राची जमीनमोजणी आपापल्या आरंभबिंदूपासून निघून पृथ्वीच्या आपापल्या गृहीत आकारावर विसावत असे. हिंदुस्थानच्या नकाशांना आधारभूत असलेली एव्हरेस्ट यांची 1830 ची विषुववृत्तीय त्रिज्या आणि अमेरिकेतील हेफर्ड यांची त्रिज्या यांत एक किलोमीटरहून अधिक तफावत होती. कारण भूगर्भातील वस्तुमान सर्वत्र सारखे नसल्याने ओळंबा जागोजाग किंचित कलतो, आणि एका मुलखापुरते चोख ठरलेले मान दुसऱ्या मुलखास लागू पडत नाही. यावर उपाय एकच, तो म्हणजे मोजणीच्या साखळ्या खंडोखंडी लांबविणे. आणि सुदान प्रदेशातील अखेरची उणीव 1954 साली भरून निघाल्यावर आफ्रिकेच्या उत्तर टोकापासून दक्षिणेपर्यंतचा मोजणीचा कंस सलग झाला, तेव्हा या उपायाची संधी हाती आली.

फिशरबाईंनी असे दीर्घ कंस आणि ओळंब्याच्या कलांच्या नोंदी एकत्र जुळवून, पृथ्वीच्या ध्रुवांकडील चपटेपणाचे मान मात्र नवजात उपग्रहांकडून घेऊन, 1960 साली 6378166 मीटर ही त्रिज्या सिद्ध केली. नासाच्या मर्क्युरी मोहिमेने ती स्वीकारली. आज रूढ असलेल्या 6378137 मीटरांशी तिचे अंतर अवघे 29 मीटरांचे आहे. पुढे चंद्राचे अंतर आणि हिमयुगानंतर वर उचलले जाणारे भूभाग हेही विषय त्यांनी हाताळले. 1977 साली निवृत्त होताना त्या शाखाप्रमुख होत्या. 1979 साली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभियांत्रिकी अकादमीने त्यांना सदस्यत्व दिले, आणि 2009 साली त्या निवर्तल्या.

1960 ची ती त्रिज्या त्यांना स्वतः दुर्बीण लावून मिळाली नव्हती; सरहद्दींच्या आत अडकलेल्या, एकमेकींशी न बोलणाऱ्या दप्तरांतील परक्यांच्या मोजण्या त्यांनी चिकाटीने पारखून एका हिशेबात बसविल्या, आणि त्यांचे शास्त्रीय श्रेय आहे ते याच संपादनाचे.