अतुल बळाचे नायक आणि त्यांची मर्यादा

जो पुरुष आकाशांत उडतो, धांवती आगगाडी हातांनीं थोपवितो आणि ज्याच्या छातीवर बंदुकीची गोळी आपटून खालीं पडते, त्याची गोष्ट पाहण्यासाठीं शहाणींसुरतीं माणसें पैसे देऊन अडीच तास अंधारांत कां बसतात, हा प्रश्न वाटतो तितका पोरकट नाहीं. सुबुद्ध मंडळी त्याचें उत्तर एका वाक्यांत देऊन मोकळी होतात: दुबळ्याला बळाचीं स्वप्नें पडतात, आणि तीं स्वप्नें येथें विकत मिळतात. हें उत्तर खोटें आहे असें मी म्हणणार नाहीं. पण तें अपुरें खास आहे. केवळ बळ पाहूनच मन गुंतत असतें, तर जत्रेंत छातीवर दगड फोडून घेणाऱ्या पहिलवानापुढून कोणी हललेंच नसतें. आपण त्याला टाळी देतों आणि पुढच्या पालाकडे वळतों. त्याचें पुढें काय झालें ह्याची काळजी कोणी घरीं घेऊन जात नाहीं.

श्रोतेहो, मला असें वाटतें कीं, ह्या नायकांचें बळ आपलें लक्ष वेधून घेतें, परंतु मन गुंततें तें त्यांचें बळ जेथें संपतें त्या जागीं. आपल्या पुराणकारांना हें पुरतेपणीं ठाऊक होतें. मारुतीच्या अंगीं समुद्र उल्लंघण्याचें सामर्थ्य होतें, पण त्याला त्याचें विस्मरण पडलेलें होतें व जांबवंताला आठवण करून द्यावी लागली. कर्णाचीं कवचकुंडलें अभेद्य होतीं, पण याचकाला नाहीं म्हणावयाचें नाहीं हें त्याचें व्रत त्या कवचाहूनहि बळकट ठरलें. हीच गोष्ट विसाव्या शतकांत अमेरिकेंतील चित्रकथाकारांना नव्यानें शोधून काढावी लागली, आणि ती त्यांनीं कशी शोधली हें पाहण्यासारखें आहे.

ओहायो राज्यांतील क्लीव्हलंड शहरीं जेरी सीगल व जो शुस्टर हे दोन तरुण मित्र राहत. एक लिहिणारा, दुसरा चित्रें काढणारा. त्यांनीं निर्मिलेला 'सुपरमॅन' १९३८ सालच्या जून महिन्याच्या 'ॲक्शन कॉमिक्स' ह्या चित्रमासिकाच्या पहिल्या अंकांत अवतरला. ह्या पहिल्या सुपरमॅनला उडतां येत नव्हतें. तो उडी मारी, आणि ती उडी अष्टमांश मैलाची, म्हणजे सुमारें २०० मीटरांची असे. फुटत्या तोफगोळ्याखेरीज कशानेंहि त्याची कातडी भेदत नसे. म्हणजे तोफगोळ्यानें ती भेदली असती, हें ओघानेंच आलें. पुढें लोकांची आवड पाहून त्याचें बळ वाढत चाललें. तो उडूं लागला, भिंतीपलीकडचें पाहूं लागला, आणि लेखकांपुढें मोठाच पेंच उभा राहिला. ज्याचें कोणीच कांहीं वांकडें करूं शकत नाहीं, त्याची गोष्ट दुसऱ्या पानावर संपते.

हा पेंच प्रथम सोडविला तो नभोवाणीनें, हें नभोवाणीच्याच श्रोत्यांना सांगतांना मला थोडासा जातभाईचा अभिमान वाटतो. १९४० पासून अमेरिकेंत सुपरमॅनची नभोवाणी-मालिका चालू होती. तींत १९४३ सालीं 'क्रिप्टोनाइट' नांवाचा एक पाषाण आला. नायक ज्या ग्रहावर जन्मला त्या नष्ट झालेल्या ग्रहाचा हा तुकडा. तो जवळ आला कीं नायकाचें बळ गळून पडतें. छापील चित्रकथेंत हा दगड यावयाला १९४९ साल उजाडलें. युक्ति तशी यांत्रिकच आहे, पण आपल्याच हरवलेल्या मायभूमीचा तुकडा आपणांस घातक ठरावा, ह्यांत कांहीं काव्य नाहीं असें कोण म्हणेल?

तथापि बाहेरून आणलेला दगड ही दुय्यम प्रतीची मर्यादा होय. दगड दूर फेकला कीं ती संपली. उत्तम प्रतीची मर्यादा नायकाच्या मनांत तरी असते, किंवा जगाच्या रचनेंत तरी. रिचर्ड डॉनर ह्यांनीं दिग्दर्शित केलेल्या १९७८ च्या 'सुपरमॅन' चित्रपटांत ह्याचा चांगला नमुना आहे. आरंभींचा भाग कॅन्ससमधील एका शेतावर घडतो. मुलगा आगगाडीला मागें टाकील इतक्या वेगानें धांवूं शकतो, पण शाळेच्या संघांतून फूटबॉल खेळण्याची त्याला मुभा नाहीं, कारण सामर्थ्य लपवावयाचें आहे. त्याला लहानाचा मोठा करणारा वृद्ध शेतकरी एके दिवशीं घराकडे येतां येतां थबकतो, आपला दंड धरतो, आणि हृदयक्रिया बंद पडून कोसळतो. पुढें स्मशानांत हा मुलगा बोलतो तें इतकेंच कीं, एवढीं सामर्थ्यें अंगीं असूनहि आपणांस त्याला वांचवितां आलें नाहीं. ह्या चित्रपटांत पुढें भूकंप आहे, धरण फुटतें, पूल खचतो. पण ह्या नायकाला आपण आपला म्हणतों तें त्या स्मशानांत.

शेवटचा प्रसंग त्याहून बारीक विचारानें रचलेला आहे. लेक्स लूथर हा खलपुरुष दोन क्षेपणास्त्रें दोन विरुद्ध दिशांना सोडतो: एक पूर्वेला न्यू जर्सीकडे, दुसरें पश्चिमेला कॅलिफोर्नियाकडे. गळ्यांत क्रिप्टोनाइट अडकवून पाण्यांत लोटलेल्या नायकाची सुटका लूथरचीच सोबतीण करते; पण तिची आई न्यू जर्सींत असल्यामुळें आधीं तिकडचें क्षेपणास्त्र थांबविण्याचें वचन ती त्याच्याकडून घेते. बाई शत्रुपक्षाची, वचन मोडलें तरी जाब कोण विचारणार? पण तो तें पाळतो, आणि म्हणून पश्चिमेकडे उशिरां पोहोंचतो. फाटलेल्या जमिनींत मोटारीसह गाडली गेलेली लोइस लेन त्याला मृतच सांपडते. येथें कोणताहि मंत्रतंत्राचा दगड नाहीं व शत्रूहि समोर नाहीं. दिलेला शब्द, आणि एका वेळीं एकाच ठिकाणीं असण्याची जीवमात्राची अडचण, ह्या दोहोंपुढें तो हरला आहे. आणि ह्यानंतर चित्रपट काय करतो? नायक पृथ्वीभोंवतीं गरगरा फिरून काळच उलटा फिरवितो, आणि लोइस जिवंत होते! त्या क्षणीं आनंद होतो हें खरें. पण घरीं जातांना मन खट्टू होतें. ज्या भिंतीवर सगळी कथा टेकून उभी केली, ती भिंतच कारागिरानें स्वहस्तें पाडली. मला तो शेवट आजतागायत पटलेला नाहीं.

मर्यादेचा आणखी एक प्रकार आहे. तो नायक आपण होऊन पत्करतो. तो म्हणजे अज्ञातवास. विराटाच्या मुदपाकखान्यांत भीम पळी हलवीत उभा असतो, आणि हा भीम आहे हें आपणांस ठाऊक असून कीचकाला ठाऊक नसतें. त्या अज्ञानावरच आपला सारा आनंद अवलंबून असतो. १९२० च्या 'द मार्क ऑफ झोरो' ह्या मूकपटांत डग्लस फेअरबँक्स ह्या नटानें हीच युक्ति पडद्यावर आणली. दिवसां हातरुमालाच्या युक्त्या दाखवीत बसणारा कंटाळवाणा सरदारपुत्र, आणि रात्रीं मुखवटा चढवून अन्यायाचा समाचार घेणारा झोरो. ज्या मुलीशीं त्याचें लग्न जमवावयाचें ती दिवसाच्या पुरुषाचा तिटकारा करते व रात्रीच्या पुरुषावर भाळते. सीगल व शुस्टर हे ह्या फेअरबँक्सचे भक्त होते. कमरेवर हात ठेवून उभा असलेला सुपरमॅन हा त्याच्याच ढबीवर काढलेला आहे, आणि चष्मा सांवरणारा बुजरा वार्ताहर क्लार्क केंट हें दिवसाचें रूपहि त्याच वळणाचें.

डॉनरांच्या चित्रपटांत क्रिस्टोफर रीव्ह ह्या नटानें ह्या दोन रूपांतील अंतर कांहीं क्षणांत दाखविलें आहे. लोइस दुसऱ्या खोलींत गेली असतां क्लार्क चष्मा काढतो, पाठ ताठ करतो, खांदे मागें घेतो. उंची वाढल्यासारखी दिसते आणि आवाज खालच्या पट्टींत जातो. आतां हा खरें सांगून टाकणार! इतक्यांत त्याचें धैर्य गळतें, खांदे पुन्हां पडतात, चष्मा नाकावर येतो. हा सारा चमत्कार नटाच्या पाठीच्या कण्यानें केलेला आहे. यंत्राचें त्यांत काडीचेंहि साहाय्य नाहीं. ज्याला तोफगोळा भेडसावीत नाहीं तो एका बाईला आपलें नांव सांगण्यास भितो, हें पाहून कोणाला आपली आठवण होणार नाहीं?

फेअरबँक्सची छाया मुंबईच्या चित्रपटसृष्टीवरहि लांबवर पडली होती. बाबूराव पेंटर ह्यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनींत उमेदवारी केलेले मास्टर विठ्ठल हे मूकपटांच्या काळीं हिंदुस्थानचे फेअरबँक्स म्हणून ओळखले जात. १९३१ सालच्या 'आलम आरा' ह्या पहिल्या हिंदी बोलपटाचे नायक तेच. परंतु मुखवट्याचा खरा वारसा गेला तो एका स्त्रीकडे. वाडिया मूव्हिटोनच्या १९३५ च्या 'हंटरवाली' बोलपटांत होमी वाडिया ह्यांनीं राजकन्या माधुरीला मुखवटा, घोडा आणि हातांत चाबूक दिला. दुष्ट प्रधानानें राजाला पळवून कैदेंत टाकलें आहे व प्रजा गांजलेली आहे; तेव्हां राजकन्याच रात्रीं वेष पालटून बाहेर पडते. ही भूमिका करणारी नादिया, म्हणजे मूळची मेरी ॲन इव्हान्स, ऑस्ट्रेलियांतील पर्थ येथें १९०८ सालीं जन्मलेली, लहानपणींच मुंबईस आलेली व पुढें सर्कशींत काम केलेली. केस सोनेरी, डोळे निळे, बांधा भरभक्कम, आणि हिंदी उच्चार मोडके. रूढ नायिकेचें एकहि लक्षण तिच्या ठायीं नव्हतें. तरीहि प्रेक्षकांनीं तिला डोक्यावर घेतलें, आणि पुढच्याच वर्षीं 'मिस फ्रंटियर मेल'मध्यें धांवत्या आगगाडीच्या टपावर ती मारामारी करतांना दिसली.

हिचें आकर्षण कशांत होतें? तिच्या अंगीं दैवी बळ कांहींच नव्हतें, हेंच त्याचें उत्तर होय. ती आपल्या उड्या आपणच मारीत असे, बदली माणूस वापरीत नसे. आणि डब्याच्या टपावर तिचा तोल जाऊं लागला म्हणजे तो खरोखरीच जाऊं लागलेला असे. प्रेक्षक पडद्यावरील राजकन्येसाठीं जितका श्वास रोखून बसे, तितकाच त्या टपावर उभ्या असलेल्या बाईसाठींहि. देह पडूं शकतो, ठेंचाळूं शकतो, थकूं शकतो, ही मर्यादा कोणत्याहि लेखकाला लिहावी लागत नाहीं. ती समोर दिसतच असते. त्यांतून, राजाला कैद करणारा प्रधान पाहतांना परक्या सरकारच्या अंमलाखालील प्रेक्षकाला दुसरें कांहीं आठवत नसेल असें समजणें भाबडेपणाचें होईल.

अमेरिकन चित्रपटांना ह्या देहाची पुन्हां आठवण व्हावयास बराच काळ लागला. १९८५ च्या 'कमांडो'त बलदंड श्वार्झनेगर एकटाच एका बेटावरील सबंध फौज लोळवितो. तें पाहतांना मौज वाटते, काळजी मात्र वाटत नाहीं. तीनच वर्षांनीं, १९८८ सालीं, 'डाय हार्ड' आला. त्यांतील पोलीस अधिकारी जॉन मॅक्लेन विमानाला भिणारा. प्रवासाचा शीण घालविण्यासाठीं बूटमोजे काढून गालिच्यावर पाय मोकळे करीत असतांनाच दरोडेखोर इमारतींत घुसतात, आणि पुढचा सारा संग्राम त्याला अनवाणी करावा लागतो. दरोडेखोरांचा म्होरक्या हान्स ग्रूबर हा हुषार; अनवाणी पाय त्याच्या नजरेंतून सुटत नाहींत, आणि तो कांचांवर गोळ्या झाडावयास सांगतो. नंतर न्हाणीघरांत बसून मॅक्लेन पायांतले कांचेचे तुकडे उपसतो आणि बिनतारी यंत्रावरून, कधीं न पाहिलेल्या एका पोलीस शिपायाला, आपण परत न आल्यास पत्नीला काय सांगावयाचें तें सांगतो. एक जोडी बूट काढून घेतल्यानें केवढें काम झालें पाहा! खलपुरुषाचें महत्त्वहि येथें कळतें. जो नायकाचें नेमकें मर्म ओळखतो, तोच चांगला खलपुरुष. नुसता मोठ्यानें हंसणारा नव्हे.

कोळ्याचें बळ लाभलेला 'स्पायडर-मॅन' १९६२ सालीं आला तो आरंभापासूनच कर्जबाजारी, भाडें थकलेला आणि कामावर उशिरां पोहोंचणारा. सॅम रायमी ह्यांच्या २००४ च्या दुसऱ्या चित्रपटांत तो बेफाम सुटलेली गाडी छातीवर ओढ घेऊन थांबवितो व शुद्ध हरपून पडतो. मुखवटा गळून गेलेला आहे. उतारू त्याला हातांवर उचलून आंत नेतात, आणि हा तर आपल्या मुलाएवढाच पोरगा आहे, असें त्यांच्यांतील एक जण म्हणतो. दोन लहान मुलें त्याचा मुखवटा परत आणून देतात व कोणाला सांगणार नाहीं असें कबूल करतात. वांचविणारा व वांचलेले ह्यांनीं जागा बदलल्याचा हा देखावा, माझ्या मतें, ह्या जातीच्या सर्व चित्रपटांत श्रेष्ठ आहे.

आतां संगणकानें वाटेल तें चित्र निर्माण करतां येतें, आणि त्यामुळेंच ही कला अवघड झाली आहे. नगरेंच्या नगरें कोसळतात, पण कोणाच्या पायांत कांच जात नाहीं. मेलेले पुन्हां उठतात, तेव्हां पुढच्या मरणाला कोण रडणार? २०१८ च्या 'ॲव्हेंजर्स: इन्फिनिटी वॉर'च्या शेवटीं विश्वांतील अर्धे जीव धुळीसारखे विरून जातात, ते परत येणार हें बहुतेक सर्वांनीं तेव्हांच ओळखलें होतें. पुढच्या वर्षींच्या 'एंडगेम'मध्यें ते आलेहि. पण कर्त्यांनीं एक माणूस परत आणला नाहीं. लोखंडी कवचाच्या टोनी स्टार्कला मधल्या काळांत एक मुलगी झालेली असते, आणि गेलेले परत आणावे पण ही मात्र जाऊं नये, एवढीच त्याची अट असते. ती पुरी होते. किंमत म्हणून तो स्वतः जातो. अंत्यविधीनंतर ती लहानगी पायरीवर बसून भूक लागल्याचें सांगते. काय हवें, तर चीझबर्गर. तें तुझ्या बाबांनाहि फार आवडे, असें शेजारीं बसलेला बापाचा जुना सोबती तिला सांगतो. ह्या प्रसंगांत कोणी उडत नाहीं व कांहीं फुटत नाहीं. पण चित्रपटगृहांत मिशा फुटलेलीं पोरें आणि त्यांचे बाप एकमेकांची नजर चुकवून डोळे पुसतांना दिसत होते.