सिंधी लोकनृत्ये, उल्हासनगरातील

फाळणीनंतर सिंध प्रांतातून भारतात आलेल्या समाजाची पारंपरिक नृत्ये. निर्वासितांपैकी सु. एक लाख लोकांना कल्याणनजीक, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सैन्यासाठी उभारलेल्या छावण्यांत आश्रय देण्यात आला. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते तेथे नव्या नगराची कोनशिला बसविण्यात आली. उल्हास नदीवरून त्यास उल्हासनगर हे नाव मिळाले. कल्याणहून अंबरनाथ व बदलापूरकडे जाणाऱ्या लोहमार्गालगतच्या या नगरातील विभाग आजही ‘कॅम्प’ या नावाने व क्रमांकाने ओळखले जातात.

या समाजात तीन प्रकार मुख्य आहेत. ‘छेज’ हे पुरुषांचे समूहनृत्य असून ते ढोल व सनईच्या साथीवर, वर्तुळाकार फिरत, हातांतील टिपऱ्या वाजवून करतात. ‘झुमिर’ हे स्त्रियांचे नृत्य लग्नप्रसंगी होते. त्यावेळी ‘लाडा’ ही विवाहगीते म्हटली जातात. ‘भगत’ या प्रकारात गायन, नृत्य, कथाकथन व विनोद यांचा मेळ असतो. पायघोळ जामा, पगडी व पायांत घुंगरू हा प्रमुख भगताचा वेश होय. भगत कंवरराम (१८८५–१९३९) हे या परंपरेतील सर्वांत लोकप्रिय कलावंत होत.

चैत्रारंभी, गुढीपाडव्याच्या सुमारास येणारा चेटीचंड हा झूलेलालाचा जन्मोत्सव छेजचा मुख्य प्रसंग होय. दिवा, फळे, खडीसाखर इत्यादींनी सजविलेला ‘बहराणा’ मिरवीत पाण्याकडे नेतात. मुळात ही पूजा सिंधू नदीशी निगडित आहे. नदी मागे राहिली, तरी जवळच्या पाण्याशी तो विधी जोडला गेला.

निर्वासितांच्या मुलानातवंडांनी सिंध पाहिलेला नाही. १९६७ मध्ये सिंधीचा संविधानाच्या आठव्या अनुसूचीत समावेश झाला. परंतु तिला स्वतःचे राज्य नसल्याने शासनव्यवहाराचा आधार लाभला नाही. अरबी व देवनागरी अशा दोन लिपी प्रचलित राहिल्या आणि शिक्षण बहुधा इंग्रजी वा हिंदी माध्यमातून होऊ लागले. परिणामी अनेकांना मातृभाषा समजते, पण वाचता येत नाही.

याचा परिणाम तिन्ही प्रकारांवर सारखा झालेला नाही. छेज ताल व पदन्यास यांवर आधारलेले असल्याने भाषा न जाणणाऱ्या मुलासही ते अनुकरणाने शिकता येते. झुमिरच्या हालचाली टिकतात. मात्र लाड्यांचे शब्द घरातील वृद्ध स्त्रियांच्या स्मरणावर अवलंबून राहतात. भगत हा प्रकार सर्वाधिक क्षीण झाला. कारण त्यातील कथा व विनोद यांना भाषा जाणणारा प्रेक्षक लागतो, तसेच सिंधमधील जत्रा व ग्रामीण आश्रयदातेही फाळणीने अंतरले.

परदेशस्थ भारतीयांच्या मुलांतही भांगडा व गरबा यांना असेच महत्त्व आले आहे; परंतु त्यांना पंजाब वा गुजरातेत जाऊन मूळ परंपरेशी संबंध राखता येतो. सिंधी मुलांना मूळ प्रदेशाचा असा आधार सहजासहजी मिळत नाही. म्हणून नृत्य त्यांच्या ओळखीचे दृश्य चिन्ह ठरले असले, तरी गीते व कथा टिकविण्यासाठी भाषेचे अध्ययनही आवश्यक ठरते.