माहीत आहे की ऐकले आहे?

कोर्टात दाखल करायचा दावा तुम्ही पाहिला असेल. त्यात आकडे घालून एकेक मजकूर लिहिलेला असतो. त्याला कलम म्हणतात. सर्वांत खाली चार ओळी असतात. त्या ओळींना 'सत्यापन' म्हणतात. त्याखाली तारीख, गाव आणि सही किंवा अंगठा. पुष्कळ लोक या ओळी वाचतच नाहीत. लिहिणारा म्हणतो, "इथं करा सही," की झाली सही! पण साऱ्या कागदात जोखमीची जागा हीच आहे.

पडताळणी दुसरा माणूस करतो. सत्यापन आपले आपण करायचे असते. "मी लिहिले ते खरे आहे," असे सांगून त्याची जबाबदारी घ्यायची.

समजा, अंजनगाव सुर्जीच्या एका शेतकऱ्याचा शेजाऱ्याशी पानमळ्याच्या धुऱ्यावरून वाद आहे. वकील विचारतात,

"भाऊ, हा धुरा कोणी घातला?"

"माह्या आज्यानं, वकीलसाहेब."

"घालताना तुम्ही पाहिला का?"

"नाही जी. तवा माहा जलमही नव्हता. बाप सांगे."

"आणि यंदा कोणी फोडला?"

"शेजाऱ्यानं. थे म्या माह्या डोयानं पाह्यलं."

दोन्ही गोष्टी खऱ्या असतील. पण एक ऐकलेली आहे, दुसरी पाहिलेली आहे. १९०८ सालच्या दिवाणी प्रक्रिया संहितेप्रमाणे या दोन गोष्टी कलमांचे आकडे देऊन वेगळ्या लिहाव्या लागतात. म्हणजे असे : "कलम ३ माझ्या स्वतःच्या माहितीप्रमाणे खरे आहे. कलम २ वडिलांकडून मिळालेल्या माहितीवरून मी खरे समजतो."

'समजतो' लिहिले की दावा कच्चा होतो, असे काहींना वाटते. तसे नाही. उलट सगळेच 'पाहिले' म्हणून लिहिले, तर समोरचा वकील विचारील, "तुमचा जन्म कोणत्या साली झाला?" मग यंदाचा फोडलेला धुराही कोर्टाला खोटा वाटू लागेल. आज्याच्या धुऱ्यासाठी मोजणीचा नकाशा किंवा दुसरा पुरावा लागेल. नुसत्या सत्यापनाने तो शाबित होत नाही.

कोर्टही काही शेतात उभे नव्हते. शहाण्या माणसाने भरवसा ठेवून पाऊल टाकावे इतकी गोष्ट संभवनीय दिसली, की कायदा तिला 'शाबित' म्हणतो. दिवाणी दाव्यात पारडे कोणीकडे झुकते ते पाहतात. फौजदारीत मात्र रास्त शंका उरता कामा नये.

जे माहीत नाही ते मुद्दाम "माहीत आहे" म्हणणे, आणि जे पटत नाही ते "खरे वाटते" म्हणणे, ही दोन्ही खोटी साक्ष होते. १८६० च्या दंडसंहितेत हेच होते. तिच्या जागी १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेतही हेच आहे. कोर्टाच्या कामात अशी साक्ष दिली तर सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो.

अंगठा करणाऱ्याला कागद वाचून दाखवतात, समजावून सांगतात. आता तुम्हाला स्वतः वाचता येते. सही करण्याआधी आकड्यांवर बोट ठेवा. 'स्वतःची माहिती' असे लिहिलेले प्रत्येक कलम तुमच्या डोळ्यांदेखत घडले का? नसेल तर तेव्हाच सांगा. वकील एका रेघेत आकडा बदलतील. दावा दाखल झाल्यावर मात्र दुरुस्तीला कोर्टाची परवानगी लागते.