श्वानांतील डिस्टेंपर : प्रारंभिक लक्षणांचे आकलन

प्रस्तावना :
पाळीव श्वानाच्या नाकाडोळ्यांतून पाणी येऊ लागले की ती साधी सर्दी मानून दोन-चार दिवस वाट पाहिली जाते. डिस्टेंपर या घातक सांसर्गिक रोगाची सुरुवात पुष्कळदा अशीच होते. श्वानाला आपली व्यथा सांगता येत नाही. त्यामुळे पालकाचे निरीक्षण हेच निदानाचे पहिले साधन ठरते. प्रस्तुत लेखात या रोगाच्या लक्षणांचा क्रम व त्यांचे वेगळेपण स्पष्ट केले आहे.

रोगाचे स्वरूप :
हा रोग विषाणुजन्य असल्याचे फ्रेंच पशुवैद्यक आंरी कारे यांनी १९०५ मध्ये दाखविले. हा विषाणू मानवी गोवराच्या विषाणूच्या कुळातील आहे. मात्र माणसाला त्यापासून हा आजार होत नाही. बाधित श्वानाच्या शिंकण्या-खोकण्यातून उडणाऱ्या तुषारांवाटे तो पसरतो. लसीकरण न झालेल्या पिल्लांना त्याचा धोका सर्वाधिक असतो.

लक्षणांचा क्रम :
संसर्गानंतर साधारणतः तीन ते सहा दिवसांत पहिला ताप येतो व उतरतो. अनेकदा तो लक्षातही येत नाही. काही दिवसांनी ताप पुन्हा चढतो. निरोगी श्वानाचे तापमान सुमारे १०१ ते १०२.५ अंश फॅरनहाइट, म्हणजे माणसापेक्षा अधिक असते. म्हणून हाताच्या स्पर्शावर किंवा नाकाच्या कोरडेपणावर विसंबू नये, तापमापक वापरावा. यानंतर नाकाडोळ्यांतील स्राव घट्ट व पिवळसर होतो. खोकला, अन्नावरील वासना उडणे, उलट्या व जुलाब सुरू होतात. काही श्वानांच्या नाकाची व तळपायांची त्वचा कठीण होते. स्नायू सतत फडफडणे, जबड्याची चघळल्यासारखी हालचाल व झटके ही मज्जासंस्थेची लक्षणे श्वान बरा झाल्यासारखा दिसल्यानंतर काही आठवड्यांनीही उद्भवू शकतात. म्हणूनच ताप उतरणे म्हणजे रोग हटणे नव्हे.

इतर रोगांपासून भेद :
'केनेल कफ' या विकारात कोरडी, घोगरी ढास लागते व शेवटी फेस पडतो. परंतु श्वान बहुधा खातो-पितो, खेळतो. लाळ गळणे, गिळता न येणे, आवाज व स्वभाव बदलणे ही रेबीजची लक्षणे असू शकतात. अशा वेळी घशात हाड अडकले असेल, या समजुतीने तोंडात हात घालणे माणसाच्या जिवावर बेतू शकते.

विश्रांतीच्या वेळी श्वसन मिनिटाला सातत्याने तीसपेक्षा अधिक असणे, धाप लागणे किंवा हिरड्या निळसर दिसणे ही तातडीची चिन्हे होत. माणसांसाठीची औषधे परस्पर देऊ नयेत.

प्रतिबंध :
डिस्टेंपरच्या विषाणूवर खात्रीचे औषध नाही. उपचार लक्षणांनुरूप व आधारभूत असतात. लस मात्र परिणामकारक आहे. सहा ते आठ आठवड्यांच्या वयापासून दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने, किमान सोळाव्या आठवड्यापर्यंत मात्रा द्याव्या लागतात. कारण मातेकडून आलेली प्रतिपिंडे आरंभीच्या मात्रांना निष्प्रभ करू शकतात. हा प्रश्न घरापुरता मर्यादित नाही. २०१८ मध्ये गीर येथील सिंहांच्या मृत्यूंनंतर पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेतील तपासणीत हाच विषाणू आढळला होता.

निष्कर्ष :
एकेका लक्षणापेक्षा लक्षणांचा क्रम अधिक बोलका असतो. ताप, श्वसनगती, आहार व स्राव यांची तारीखवार नोंद ठेवून ती पशुवैद्यकासमोर ठेवल्यास निदान सुकर होते. आजारी श्वानाला इतर श्वानांपासून तत्काळ वेगळे ठेवणे हे पालकाचे पहिले कर्तव्य होय.